विश्लेषण : वाहून जाणाऱ्या मातीने बदलले पृथ्वीचे गणित... कोण होते जेम्स हटन?

शाळेच्या भूगोलात अग्निज, स्तरित आणि रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार आपण सगळ्यांनीच पाठ केलेले असतात. पाठोपाठ झीज, वहन, संचयन हे शब्द येतात. परीक्षेत जोड्या लावल्या, की विषय संपतो. पण डोंगर झिजतो, त्याचा गाळ समुद्रात जातो, गाळाचा खडक होतो आणि तोच खडक वर उचलला जाऊन पुन्हा डोंगर होतो, ही साखळी कुणीतरी पुराव्यांसह जोडावी लागली होती. ती जोडणारे जेम्स हटन शिक्षक नव्हते आणि प्राध्यापकही नव्हते. त्यांची पदवी डॉक्टरची, उत्पन्न रसायनाच्या कारखान्याचे आणि उमेदीची वर्षे शेतीत गेलेली. आधुनिक भूविज्ञानाचे जनक मानल्या जाणाऱ्या या स्कॉटिश संशोधकाच्या जन्माला २०२६ मध्ये ३०० वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांनी नेमके काय शोधले, ते लोकांपर्यंत पोहोचायला उशीर का झाला आणि आजच्या सहावी-सातवीच्या वर्गाला त्यांच्याकडून काय घेता येईल, याचा आढावा.

हटन यांच्याआधी काय मानले जात होते?

अठराव्या शतकातील युरोपात पृथ्वीचे वय सुमारे सहा हजार वर्षे आहे, असा समज रुळलेला होता. आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी सतराव्या शतकात बायबलमधील पिढ्या मोजून सृष्टीची निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाल्याचे गणित मांडले होते. हे वय मान्य केले, तर डोंगर, दऱ्या, खडकांचे थर हे सारे थोडक्या काळात आणि मोठ्या उलथापालथीत तयार झाले, असे मानण्यावाचून पर्याय राहत नाही.

खडकांचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये त्या काळी जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाण अकादमीचे अब्राहम वेर्नर यांचा मोठा दबदबा होता. एकेकाळी सगळी पृथ्वी महासागराने झाकलेली होती आणि त्या पाण्यातून एकामागून एक खडक साका बसावा तसे तयार झाले, असे त्यांचे म्हणणे. ग्रॅनाइट सर्वांत आधीचा आणि बेसॉल्टसुद्धा पाण्यातूनच आलेला, असे ते शिकवत. समुद्राच्या रोमन देवतेवरून या मताच्या लोकांना नेपच्युनिस्ट म्हटले जाई.

वकिली, वैद्यकी आणि नवसागर...

हटन यांचा जन्म ३ जून १७२६ रोजी (तेव्हाच्या जुन्या दिनदर्शिकेनुसार) एडिंबरा येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. वडील ते लहान असतानाच वारले. आईने शिकवले. चौदाव्या वर्षी ते एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले. तिथे तर्कशास्त्राच्या तासाला प्राध्यापकांनी ओघात एक उदाहरण दिले: सोने कोणत्याही एका आम्लात विरघळत नाही, पण दोन आम्लांच्या मिश्रणात विरघळते. तर्कशास्त्र बाजूला राहिले आणि या मुलाला रसायनशास्त्राचे वेड लागले.

घरच्यांनी त्यांना एका वकिलाकडे उमेदवारीला ठेवले. तिथे दस्तऐवजांच्या नकला करण्याऐवजी ते सहकाऱ्यांना रसायनांचे प्रयोग दाखवत बसत. वकिलांनीच त्यांना दुसरा मार्ग शोधायला सुचवले. रसायनशास्त्राच्या सर्वांत जवळचे शिक्षण म्हणजे वैद्यकी. म्हणून एडिंबरा, मग पॅरिस आणि शेवटी नेदरलँड्समधील लायडन असा प्रवास करून १७४९ मध्ये त्यांनी डॉक्टरची पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता रक्ताभिसरण. हृदयातून निघालेले रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयाकडे येते, या चक्राचा अभ्यास केलेला माणूस पुढे खडकांच्या चक्रापर्यंत पोहोचला, याकडे त्यांचे अनेक चरित्रकार लक्ष वेधतात.

डॉक्टरकी मात्र त्यांनी कधी केली नाही. जेम्स डेव्ही या मित्राबरोबर त्यांनी कोळशाच्या काजळीपासून नवसागर तयार करण्याची पद्धत शोधली होती. घराघरांत कोळसा जळणाऱ्या एडिंबरात काजळीला तोटा नव्हता आणि नवसागराला धातुकाम व रंगकामात मागणी होती. या कारखान्यातून मिळालेल्या पैशामुळे त्यांना पुढे पोटापाण्यासाठी नोकरी करावी लागली नाही.

शेतात काय दिसले?

वडिलांकडून त्यांना बेरिकशायर परगण्यात शेतजमीन मिळाली होती. आधी शेती शिकायला हवी म्हणून ते इंग्लंडमधील नॉरफोक भागात एका शेतकऱ्याच्या घरी जाऊन राहिले. तिथेच त्यांना जमिनीकडे पाहण्याची सवय लागली. वाटेत दिसणारा प्रत्येक खड्डा, चर आणि नदीपात्र वाकून पाहिल्याशिवाय ते पुढे जात नसत. परतताना त्यांनी नॉरफोकचा हलका नांगर आणि तो चालवणारा नांगऱ्याही सोबत आणला. १७५४ पासून सुमारे तेरा-चौदा वर्षे त्यांनी स्लाइहाउसेस येथील जमीन कसली. दगड वेचणे, चर खणणे, पाण्याचा निचरा करणे ही कामे त्यांनी जातीने केली.

इथेच त्यांच्यासमोर एक कोडे उभे राहिले. प्रत्येक पावसात शेतातली माती ओढ्यात जाते, ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सरळ नुकसान. पण माती तयार व्हायची, तर खडक फुटलाच पाहिजे. म्हणजे ज्या झिजेमुळे जमीन नष्ट होते, तिच्यामुळेच जमीन पिकाऊ होते. मग हे असेच चालू राहिले, तर एक दिवस सगळी जमीन समुद्रात जाऊन संपायला हवी. ती संपलेली नाही. याचा अर्थ कुठेतरी नवी जमीन तयार होत असली पाहिजे.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे, तर टाकीतून पाणी सतत बाहेर पडत असूनही पातळी टिकून असेल, तर आत येणारी नळी शोधावी लागते. हटन यांनी पुढची जवळपास तीस वर्षे ती नळी शोधण्यात घालवली.

एडिंबराची मित्रमंडळी

१७६०च्या दशकाच्या अखेरीस शेती खंडाने देऊन हटन एडिंबराला परतले. ते अविवाहित होते आणि तीन बहिणींसोबत राहत. स्कॉटलंडच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणाऱ्या फोर्थ-क्लाइड कालव्याच्या कामात त्यांचा सहभाग होता. त्यामुळे जमिनीच्या पोटात काय आहे, हे पाहण्याची आणखी एक संधी मिळाली.

त्या काळचे एडिंबरा म्हणजे विद्वानांचे गाव. कार्बन डायऑक्साइडवर संशोधन करणारे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक, अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ आणि हटन या तिघांचा ऑयस्टर क्लब नावाचा गप्पांचा अड्डा होता. वाफेच्या इंजिनात सुधारणा करणारे जेम्स वॉट हेही त्यांचे मित्र. उष्णतेने वस्तू प्रसरण पावतात आणि अवजड दट्ट्या वर ढकलला जातो, हे या मंडळींच्या रोजच्या चर्चेतले होते. पृथ्वीच्या पोटातील उष्णताही असेच काम करत असेल, हा विचार हटन यांच्या मनात या वातावरणात पक्का झाला असावा.

सिद्धान्त काय होता?

एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे १७८५ मध्ये मार्च आणि एप्रिलच्या बैठकांत हटन यांचा सिद्धान्त मांडला गेला. पहिल्या बैठकीला ते आजारी असल्याने निबंध ब्लॅक यांनी वाचून दाखवला. तेव्हा हटन ५८ वर्षांचे होते.

सिद्धान्ताचे टप्पे असे. ऊन, पाऊस, थंडी यांनी खडक फुटतात. नद्या तो भुगा समुद्रात नेतात. तळाशी थरावर थर साचतात. वरच्या थरांचा भार आणि पृथ्वीच्या पोटातील उष्णता यांमुळे गाळाचा खडक होतो. हीच उष्णता त्या खडकाला वर उचलते, वाकवते, तिरका करते. काही ठिकाणी वितळलेला शिलारस भेगांतून वर घुसतो. वर आलेली जमीन पुन्हा झिजू लागते.

यातली एकही क्रिया चमत्काराची नाही. सगळ्या आजही चालू आहेत आणि सगळ्या अतिशय संथ आहेत. म्हणूनच त्यांच्याकडून डोंगर घडवून घ्यायचे, तर काळ अफाट लागतो. पृथ्वीचे वय किती, याचा आकडा हटन यांनी दिला नाही. खडकांत सुरुवातीची खूण सापडत नाही आणि शेवटाचीही चिन्हे दिसत नाहीत, एवढेच त्यांनी मांडले. सहा हजार वर्षांच्या हिशेबाला हा थेट धक्का होता.

पुरावा कुठे मिळाला?

निबंध आधी आला आणि निर्णायक पुरावे नंतर सापडले, हे हटन यांच्या बाबतीत वेगळेपण. ग्रॅनाइट वितळलेल्या स्थितीतून आला असेल, तर तो जुन्या खडकांच्या भेगांत घुसलेला दिसायला हवा. हे तपासण्यासाठी १७८५च्या शरद ऋतूत ते स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील ग्लेन टिल्ट या दरीत गेले. नदीच्या पात्रात काळपट खडकांमध्ये घुसलेल्या ग्रॅनाइटच्या लालसर शिरा त्यांना दिसल्या. त्यांचा आनंद पाहून सोबतच्या वाटाड्यांना वाटले, की यांना सोन्याची किंवा चांदीची शीर सापडली. जो घुसला तो नंतरचा, हा साधा तर्क. ग्रॅनाइट सर्वांत जुना, या समजाला तिथे तडा गेला.

सर्वांत बोलका पुरावा १७८८ मध्ये मिळाला. गणिताचे प्राध्यापक जॉन प्लेफेअर आणि तरुण जमीनदार सर जेम्स हॉल यांच्यासोबत ६२ वर्षांचे हटन बोटीतून बेरिकशायरचा किनारा न्याहाळत निघाले. उत्तर समुद्राच्या लाटांनी कातलेल्या सिकार पॉइंट या टोकावर त्यांना हवे ते दिसले. खाली राखाडी खडकाचे थर कपाटातील पुस्तकांसारखे उभे आणि त्यांच्या कापलेल्या टोकांवर लाल वालुकाश्माचे थर जवळजवळ आडवे पसरलेले.

या एका कड्यावरून घटनांचा क्रम वाचता येतो. राखाडी गाळ आधी आडवा साचला असणार, कारण गाळ उभा साचत नाही. मग त्याचा खडक झाला. मग तो उभा होईपर्यंत दुमडला गेला आणि पाण्याबाहेर आला. वरचा भाग झिजून सपाट झाला. त्यावर लाल वाळू साचली. तिचाही खडक झाला, तोही किंचित कलला आणि वर आला. आता समुद्र दोन्ही खडक कुरतडतो आहे. म्हणजे एका डोंगररांगेचा जन्म, तिचा अंत आणि त्या जागी दुसऱ्या भूमीची निर्मिती, असा सारा इतिहास काही मीटर उंचीच्या कातळात मावलेला. त्या काळाच्या खोलीत डोकावताना चक्कर आल्यासारखे झाल्याचे प्लेफेअर यांनी पुढे नोंदवले.

आजच्या मापनानुसार खालचा राखाडी खडक सुमारे ४३.५ कोटी वर्षांपूर्वीचा आणि वरचा लाल खडक सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. मधला काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. तो किती मोठा, याचा अंदाज महाराष्ट्रातल्या वाचकाला पायाखालच्या दगडावरून घेता येईल. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हापासून तयार झाला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे आपला कातळ तयार झाल्यापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, जवळपास तेवढा काळ सिकार पॉइंटच्या त्या दोन थरांमधल्या एका रेषेत दडलेला आहे.

बेसॉल्टच्या वादाचे काय झाले?

सह्याद्रीचा हा कातळ म्हणजे बेसॉल्ट. तो पाण्यातून आला की अग्नीतून, हा वेर्नर आणि हटन यांच्या अनुयायांमधला मोठा वाद होता. बेसॉल्टच्याच जातीचा खडक हटन यांच्या घरासमोरच्या सॅलिसबरी क्रॅग्ज या कड्यात होता. तिथे तो खालचे गाळाचे थर उचकटून आत घुसल्याचे स्पष्ट दिसते.

विरोधकांचा आक्षेप असा, की वितळलेला दगड थंड झाला, तर त्याची काच व्हायला हवी. मग बेसॉल्टमध्ये स्फटिक कसे? याचे उत्तर हॉल यांनी भट्टीत दिले. त्यांनी असा दगड वितळवला. झटपट थंड केल्यावर त्याची काच झाली, पण हळूहळू थंड केल्यावर त्यात पुन्हा स्फटिक तयार झाले. छोट्या मुशीतल्या प्रयोगावरून पृथ्वीबद्दल बोलणे हटन यांना पसंत नव्हते. त्यांच्याविषयीच्या आदरापोटी हॉल यांनी हे निष्कर्ष त्यांच्या निधनानंतर, १७९८ मध्ये मांडले.

पुस्तक का चालले नाही?

१७९३ मध्ये आयरिश रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड किरवान यांनी हटन यांच्यावर कडाडून टीका केली. हा सिद्धान्त धर्माच्या मुळावर येणारा आहे, असाही तिचा सूर होता. हटन नास्तिक नव्हते. शेतीला लागणारी माती सतत नवी होत राहावी, अशीच पृथ्वीची योजना शहाणपणाने केलेली आहे, असे ते मानत. पण आरोप जिव्हारी लागला. त्या वेळी ते आजारपणातून उठत होते. टीका हाती पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपले हस्तलिखित काढून त्यावर काम सुरू केले.

१७९५ मध्ये त्यांचा ग्रंथ दोन खंडांत आला. हजारावर पाने, लांबलचक वाक्ये आणि फ्रेंच ग्रंथांतील पानेच्या पाने उतारे, तेही भाषांतराशिवाय. सिद्धान्त जितका सरळ, तितकी मांडणी किचकट. तो फारसा वाचला गेला नाही. २६ मार्च १७९७ रोजी हटन यांचे एडिंबरात निधन झाले. तिसऱ्या खंडाचे हस्तलिखित तसेच पडून राहिले आणि छापले गेले ते थेट १८९९ मध्ये. ग्रेफ्रायर्स दफनभूमीतील त्यांच्या थडग्यावर १९४७ पर्यंत नावाची पाटीही नव्हती.

सिद्धान्त वाचला तो प्लेफेअर यांच्यामुळे. १८०२ मध्ये त्यांनी मित्राचे म्हणणे सोप्या, नेटक्या इंग्रजीत उदाहरणांसह पुन्हा लिहून काढले. हटन वारले त्याच वर्षी जन्मलेले चार्ल्स लायेल यांनी तोच विचार १८३० पासून आपल्या प्रसिद्ध ग्रंथातून पुढे नेला. त्याचा पहिला खंड घेऊन चार्ल्स डार्विन १८३१ मध्ये बीगल जहाजावर चढले. सजीवांमध्ये संथ बदल व्हायला लागणारा प्रचंड काळ डार्विन यांना भूविज्ञानाने दिला.

हटन कुठे चुकले?

गाळाचा खडक मुख्यतः उष्णतेने होतो, हे त्यांचे म्हणणे टिकले नाही. वरच्या थरांचा दाब आणि पाण्यात विरघळलेली खनिजे कणांना सिमेंटसारखी जोडतात, हे आता माहीत आहे. जमीन वर उचलण्यामागे भूपट्टांच्या हालचाली असतात, हे समजायला विसावे शतक उजाडावे लागले. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, हा आकडाही किरणोत्सर्गाच्या मापनातून त्याच शतकात मिळाला.

शिवाय सगळेच बदल संथ नसतात. दख्खनच्या लाव्हाचा बहुतांश भाग सुमारे दहा लाख वर्षांच्या अवधीत बाहेर पडला, असे आजचे संशोधन सांगते. भूविज्ञानाच्या घड्याळात हा काळ अगदी थोडका. तरीही आज दिसणाऱ्या प्रक्रियांवरून भूतकाळ वाचायचा, ही हटन यांची पद्धत कायम आहे.

वर्गात याचा उपयोग कसा होईल?

हटन यांची गोष्ट सांगितली, की झीज, वहन, संचयन हे सुटे शब्द राहत नाहीत. ते एका प्रश्नाचे उत्तर होतात. शाळकरी मुलांना तो प्रश्न आधी विचारता येतो: दर पावसाळ्यात नदी गढूळ होते, तर जमीन संपत कशी नाही?

पुढचे काम फार खर्चाचे नाही. काचेच्या बरणीत शेतातली माती आणि पाणी घालून हलवले आणि रात्रभर ठेवले, की सकाळी तळाशी खडे, त्यावर वाळू आणि वर बारीक गाळ असे थर दिसतात. थर आडवेच का बसले, हे मुले स्वतः सांगतात. त्यानंतर सिकार पॉइंटचे छायाचित्र दाखवून, आधी काय झाले आणि नंतर काय, याचा क्रम त्यांच्याकडूनच लावून घेता येतो. उत्तर पाठ करण्याऐवजी ते शोधावे लागते.

आपल्याकडे याचा नमुना सह्याद्रीच्या घाटांतही आहे. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये अनेक ठिकाणी विटकरी लाल पट्टा दिसतो. लाव्हाचा एक प्रवाह थंड झाला, त्याचा वरचा भाग हवा-पाण्याने झिजून माती झाली आणि मग पुढचा प्रवाह त्यावरून वाहत आला, अशी अनेक पट्ट्यांची कहाणी आहे. दोन प्रवाहांमध्ये माती तयार होण्याइतका वेळ गेला, याची ती खूण. सहलीची बस सुरक्षित जागी थांबवून हा पट्टा मुलांना दाखवायचा आणि तो लाल का, हे लगेच सांगायचे नाही.

मातीचा मुद्दा मात्र मुलांना स्पष्ट सांगायला हवा. पृथ्वी नवी जमीन तयार करते, पण तिच्या वेगाने. बांध फुटून एका पावसात गेलेला मातीचा थर पुन्हा तयार व्हायला अनेक पिढ्या लागतात. हटन यांना अफाट काळाचा शोध लागला, तो शेतकऱ्याचे हे नुकसान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे.